पाय टेकायला जागा नसलेला ग्रह

६ फेब्रुवारी

भिंगरे,

तोंड माझं आणि हात तुझ्या आईचा, असं हे पत्र आहे. अक्षर तू पाहताक्षणी ओळखलं असशील, तेव्हा चकित झाल्याचं सोंग करू नकोस. मला लिहिता येत नाही हा काही माझा नवा गुन्हा नाही. एक्याऐंशी वर्षांचा जुना आहे.

"फोन करा की, सासूबाई," असं ही म्हणत होती. फोन मध्येच ठेवता येतो, म्हणून नको. परवा तू तेच केलंस. "आजी, रेंज जातेय." तुमच्या डोंगरावरची रेंज भारी हुशार, आईचा विषय निघाला की नेमकी जाते! पत्राची रेंज जात नाही. तू अर्ध्यात ठेवून दिलंस तरी मी सांगून मोकळी.

हिच्याशी अट ठरली आहे. मी सांगेन ते जसंच्या तसं लिहायचं. एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही. ही म्हणाली, "मला काय करायचंय, मी नुसता हात." बरं तर, हातानं हाताचं काम करावं.

तुझं मागचं पत्र आलं. तुझी सगळी पत्रं माझ्या नावाने येतात आणि सगळी हीच मला वाचून दाखवते. औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचावी तशी वाचते. जेवणानंतर एक, झोपताना एक. त्याच आवाजात तिने वाचलं, की एकतीस मार्चच्या आत तुला एका कागदावर सही करायची आहे. सही केलीस की पाच वर्षं आणखी लांबच्या, आणखी मोठ्या दुर्बिणीवर. आणि खाली तू लिहिलंस, 'माझी खोली उगाच अडकून आहे, भाड्याने द्या. पुस्तकं कोणाला हवी तर देऊन टाका. बाबांचं डोळ्याला लावायचं भिंग तेवढं आजीने ठेवावं.'

एवढं वाचून हिने चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छ होता.

(चष्म्यावर डाग होता. – लिहिणारी)

बघ, पहिल्याच पानावर अट मोडली. राहू दे तसंच.

तर आता मला नीट समजावून सांग बाई, हा ग्रह आहे तरी काय. हिने वाचलं त्यातून मला एवढंच कळलं, की तो वायूचा गोळा आहे, आपल्या गुरूच्या दीडपट, आणि त्याला जमीनच नाही. वरून उतरायला लागलं तर उतरतच राहायचं, पाय कुठे टेकणारच नाहीत. आणि एवढ्या थोरल्या टबात टाकला, तर पाण्यावर तरंगेल इतका हलका! आपल्याकडे असे दोन-तीन नातेवाईक आहेत, पण त्यांच्यासाठी कोणी घर सोडलं नाही. खालच्या शिंप्याला सांगितलं, तर तो म्हणतो, "गॅसचा ग्रह? मग मावशी, कनेक्शन कधी मिळणार ते विचारा." तुझ्या विद्येची ही किंमत आहे इथे.

वैताग येतो मला. तुझा वेगळा, हिचा वेगळा. सव्वादोन वर्षांपूर्वी तुझा बाप गेला. तू चार दिवसांनी पोचलीस. ही दारात उभी राहून म्हणाली, "ग्रह भेटला ना? मग जा त्याच्याकडेच."

(हे लिहायलाच हवं का?)

हवं. लिही. आणि तू बॅग खाली न ठेवता, आल्या पायी परत गेलीस. तेव्हापासून दोघींच्या तोंडाला कुलूप, आणि मधे मी, दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. तुला काही सांगायचं तर आजीला. हिला काही विचारायचं तर हिने मुळी विचारायचंच नाही.

दुकान चालू आहे. बाप गेल्यावर मला वाटलं, बंद करील. पण ही घड्याळं दुरुस्त करायला आता त्याच्याइतकीच बसते. वीस वर्षं शेजारी बसून चिमटा पुढे करत होती, त्यातच शिकली म्हणे. भिंतीवर तुझ्या बापाची ती दोन लंबकाची घड्याळं अजून आहेत. एक इथल्या वेळेचं, एक तुझ्या डोंगरावरच्या वेळेचं. तू जेवलीस का, झोपलीस का, हे त्याला काट्यावरून बघायचं असायचं. मला वाटलं होतं, तुझ्या वेळेचं घड्याळ एव्हाना बंद पडेल. पण दर रविवारी कोणीतरी त्याला किल्ली देतं. शिंपी देत नाही. मला स्टुलावर चढता येत नाही. आता तूच हिशोब कर, शिकलेली आहेस.

(किल्ली दिली नाही तर स्प्रिंग बिघडते. धंद्यात एवढं कळतं. – लिहिणारी)

कळतं हो.

सही करायच्या आधी मला एक पत्र टाक. मलाही तुला काहीतरी सांगायचं आहे, पण ते आज नाही. आज हात दुखला हिचा.

तुझी आजी

खोकल्याला काय घेतेस? गार पाणी पिऊ नकोस.


२४ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं उत्तर मिळालं. शेवटी लिहिलं होतंस, 'लेखनिकांचे आभार.' लेखनिक! नऊ महिने पोटात वागवणारी लेखनिक! हिने तेही बाटलीवरच्या आवाजात वाचलं, आणि त्या दिवशी दुकानात एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाचा पट्टा उलटा बसवून दिला. दोघी एकीला झाकावी आणि दुसरीला काढावी अशा आहात. वाकडेपणा नाकातून आलाय. नाकं सारखी आहेत.

पण आधी ग्रहाचं. तू छान समजावलंस, मला कळलं. तो ग्रह तुला दिसतच नाही. कधीच दिसला नाही. तारा दिसतो, आणि चारशे बारा दिवसांनी एकदा त्याचा उजेड किंचित कमी होतो, अकरा तास, मग परत होता तसा. दिव्यासमोरून माशी गेल्यासारखा. त्या कमी झालेल्या उजेडावरून तुम्ही ओळखता, की मधे कोणीतरी आलं होतं. आणि दर वेळी बरोबर तेवढ्याच दिवसांनी कमी झाला, तर तो योगायोग नाही, ग्रह आहे. पहिल्यांदा जुन्या नोंदींत सापडला. दुसऱ्यांदा तू स्वतः पकडलास, ते बाप गेला त्या वेळी. तिसऱ्या वेळी ढग आले. आता अकरा एप्रिलला पुन्हा.

मी मनात म्हटलं, ही कसली विद्या? हे तर घरात राहणारी कोणतीही बाई करते. न दिसणारं माणूस ओळखायचं, तर जे दिसतं त्यात काय कमी-जास्त झालं ते बघायचं.

म्हणून मीही करून पाहिलं. मला अक्षर वाचता येत नाही, पण पेन ऐकू येतं. मागच्या पत्राच्या शेवटी मी 'तुझी आजी' म्हणून थांबले, तेव्हा पेन थांबायला हवं होतं. थांबलं नाही. मी मनात दहापर्यंत मोजलं, तोवर चालत होतं. मी काही बोलले नाही. चोराच्या मनात चांदणं असू द्यावं थोडं.

आणि परवा तुझं पत्र वाचता वाचता ही स्वतःच खड्ड्यात पडली. तू लिहिलंस, 'हो, खोकला कमी आहे, कोमट पाणी पितेय.' हिने वाचलं आणि घाईने पान उलटलं.

मी म्हटलं, "अगं, मी खोकल्याचं कधी विचारलं?"

"विचारलं असेल तुम्ही."

"मला तर माहीतच नव्हतं तिला खोकला आहे ते."

"वय झालं तुमचं. फोनवर खोकत नव्हती का ती?"

"फोनवर मी बोलत होते. तू तर मागच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होतीस."

"फोनचा आवाज मोठा असतो," म्हणाली आणि दुकानात निघून गेली. दुपारी दोन वाजता. तेव्हा दुकान बंद असतं.

(हा सगळा पाल्हाळ लिहायची गरज नव्हती. – लिहिणारी)

तर भिंगरे, तारा आहे, उजेड हलतोय, मधे कोणीतरी आहे. मला काही दुर्बीण लागली नाही.

पण तू म्हणशील, एवढी माया आहे तर बोलत का नाही? खरंय. हिला वाटतं, तिच्या नवऱ्याच्या शेवटच्या दिवशी तुला कळवलं होतं आणि तू ग्रह निवडलास. हे तिच्या मनातून जात नाही. तू तिला कधी खोडून काढलं नाहीस. दारात तेव्हा ओरडली ती, "कळवलं होतं ना तुला?" तू नुसतं माझ्याकडे पाहिलंस.

आज इथेच थांबवते. पायाला मुंग्या आल्या.

(पायाला मुंग्या आलेल्या नाहीत. मधेच थांबल्या आहेत. काय सांगायचं आहे ते दोन आठवडे झाले सांगत नाहीत. – लिहिणारी)

तुझी आजी

रात्रपाळीला स्वेटर दोन घालत जा. निळा जाड आहे तो आतून.


१० मार्च

भिंगरे,

आज ग्रह नाही, थट्टा नाही. हिला समोर बसवलंय. दुकानाला दुपारची कडी लावलीय. हिला आधीच सांगितलंय, की काहीही झालं तरी पेन थांबवायचं नाही, मी सांगेन ते सगळं जसंच्या तसं उतरवायचं. हिने मान हलवली. मान हलवल्याचं पण लिही.

एकतीस तारीख जवळ आली आणि मला दुसरा मार्ग उरला नाही. तू सही करून पाच वर्षं गेलीस तर तू परत येईपर्यंत मी टिकणार नाही, आणि मग हे सांगायला कोणी राहणार नाही. तुला ठाऊक आहे आणि तू सांगणार नाहीस. एवढी तुझी आजी ओळखते तुला.

सूनबाई, तुझा नवरा दवाखान्यात होता. तो शेवटचा दिवस. डॉक्टर बोलून गेले आणि तू मला म्हणालीस, "सासूबाई, मी इथून हलत नाही. तुम्ही बाहेर जाऊन पोरीला फोन लावा, सगळं खरं सांगा, म्हणावं निघ." मी फोन घेऊन उठले. जाताना त्याने माझा पदर धरला. नर्सने तुला तेवढ्यात औषधं आणायला दवाखान्याच्या औषधाच्या खिडकीशी पाठवलं होतं. तो म्हणाला, "आई, तिला नको सांगूस. आज तिचा ग्रह येतोय. चारशे बारा दिवसांनी येतोय. दोन दिवसांनी सांग. तोवर मी कुठे जातोय?"

का थांबलीस? लिही.

मी बाहेर जाऊन फोन लावला. पोरीने पहिलंच विचारलं, "आजी, बाबा कसे आहेत? येऊ का?" मी म्हटलं, "बरा आहे गं. साधा ताप आहे. तू तुझं काम कर."

लिही ना. तुझा हात आहे, माझं तोंड आहे, तसं ठरलंय.

मग मी आत आले. तू विचारलंस, "काय म्हणाली?" खरं सांगितलं असतं, तर तू माझ्या हातून फोन ओढून घेतला असतास, आणि लेकाला दिलेला शब्द गेला असता. म्हणून मी म्हटलं, "सांगितलं सगळं. म्हणाली, बघते."

पोरगी 'बघते' म्हणाली नाही. तो शब्द माझा. तिला काही माहीतच नव्हतं. संध्याकाळच्या आत तो गेला, आणि ती चार दिवसांनी आली ती बापाला बघायला आली होती, ताप उतरला का ते बघायला. अर्ध्या वाटेत तिला कळलं.

दारात तू तिला बोललीस तेव्हा मी तुझ्या मागेच उभी होते. एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं.

लिहिलंस का? वाचून दाखव बघू. अगं, वाचून

(यापुढे सासूबाई काय म्हणाल्या ते मी ऐकलं नाही. – लिहिणारी)


२२ मार्च

भिंगरे,

हे अक्षर खालच्या शिंप्याचं. कागद खाकी आहे, बाह्यांचं माप कापायचा. नाक मुरडू नकोस, त्याच्याकडे दुसरा नाही. तो म्हणतो, "मावशी, मी माणसं मोजतो, पत्रं लिहीत नाही." पण लिहितोय बिचारा.

(मावशी फार भरभर सांगतात. जे सुटलं ते सुटलं. – शिंपी)

बारा दिवस झाले, तुझी आई माझ्याशी बोलत नाही. एक शब्द नाही. आधी ती तुझ्याशी बोलत नव्हती, आता माझ्याशी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिने भांडावं, भांडी आपटावी, मला दोन शब्द सुनवावे, तर मी समजू शकते. तसं काही नाही. ताट वेळेवर येतं, गरम येतं, मीठ बरोबर असतं. मीठ बरोबर असतं, तोच राग आहे. पूर्वी रागावली की खारट व्हायचं, आता तेवढीही ओळख ठेवली नाही. गुडघ्याला तेल लावते, पण खाली मान घालून, घड्याळाच्या चाकाला लावावं तसं, दोन थेंब आणि पुसून टाकते.

मी म्हटलं, "अगं, काहीतरी बोल." घड्याळाच्या बारीक पेचांचा डबा बंद केला आणि उठून गेली.

ते पत्र तिने तुला टाकलं की फाडलं, मला माहीत नाही. विचारायची सोय नाही. पोस्टाच्या पेटीपर्यंत मला जाता येत नाही. शिक्का कोणता, पत्ता कोणता, मला काय कळणार? एक्याऐंशी वर्षांत पहिल्यांदा वाटलं, चार अक्षरं शिकले असते तर बरं झालं असतं.

म्हणून शिंप्याकडून थोडक्यात परत लिहून घेते: तुझ्या आईला मी खोटं सांगितलं होतं, तुझी चूक नव्हती, हे मी तिला सांगितलंय. ते पत्र पोचलं असेल तर हे फाड.

आता जे हिच्यासमोर सांगितलं नाही ते सांगते. लेकाला शब्द दिला होता हे खरं, पण तो शब्द त्याच दिवशी संपला. पुढची सव्वादोन वर्षं मी गप्प बसले ती त्याच्यासाठी नाही. मला भीती वाटली. मुलगा गेला, नात लांब. या घरात मला ठेवणारं माणूस एकच, आणि त्याच माणसाला मी फसवलं होतं. कळलं तर मला कुठे टाकील, असं वाटायचं. आणि तू बोलत नव्हतीस, तर माझं आयतंच भागत होतं. तुझ्या गप्प बसण्यावर मी सव्वादोन वर्षं जेवले, भिंगरे.

(मी म्हटलं, मावशी, तुम्हाला कोण काढणार, तुम्हाला खाली आणायलाच दोन माणसं लागतात. हसल्या नाहीत. – शिंपी)

आणि दुसरं. भिंतीवरचं तुझ्या वेळेचं घड्याळ नाही. मागच्या रविवारी किल्ली दिली नाही, गुरुवारी ते थांबलं, आणि शुक्रवारी सकाळी उठून बघते तर भिंतीवर नुसता लांबट पांढरा डाग. इतकी वर्षं भिंत तिथे काळी पडली नव्हती, तेवढाच डाग. आणि कालपासून तुझ्या खोलीत सामान सरकवल्याचा आवाज येतोय. आतून कडी. बहुतेक भाड्याने द्यायचीय. तूच सांगितलं होतंस ना? घे, ऐकलं तुझं.

मी मधे पडले, वाटलं गाठ सुटेल. आणखी एक बसली. त्या तुझ्या ग्रहावर उतरायला लागल्यासारखं झालंय, पाय टेकतच नाहीत.

एकतीसला तुला सही करायची असेल तर कर. मी अडवत नाही. मला अडवायचं तोंड नाही.

तुझी आजी

(शेवटी मावशी रडल्या. हे लिहू नको म्हणाल्या. – शिंपी)


४ एप्रिल

भिंगरे,

अक्षर बघितलंस ना? हात कामावर परत आला आहे.

झालं असं, परवा तुझं पाकीट आलं. पोस्टमनने हाक मारली तीच वेगळी. एरवी 'आजी, पत्र' म्हणतो. परवा म्हणाला, "दोघींच्या नावाने आहे." ही घड्याळ उघडून बसली होती, तिच्या हातातून चिमटा पडला. मी आरामखुर्चीत. आता मोठी पंचाईत! पत्र मला वाचता येत नाही, आणि हिला बोलायचं नाही. न बोलता वाचणार कसं? मी गंमत बघत बसले. हिने आधी मनात वाचलं. मग परत वाचलं. मग चष्मा पुसला, या वेळी खरोखरच ओला होता,

(होता.)

आणि मग मोठ्याने वाचलं. बाटलीवरचा आवाज नव्हता.

तर माझं ते पत्र हिने दुसऱ्याच दिवशी टाकलं होतं. जसंच्या तसं, एक शब्द कमी नाही. आणि मी इकडे शिंप्याच्या खाकी कागदावर रडत बसले होते. सांगितलं का हिने मला? नाही. म्हणे, "तुम्ही सव्वादोन वर्षं सांगितलं नाहीत, मी तेवीस दिवस." हा हिशोब मला मान्य आहे.

तू लिहिलंस, सही अजून केली नाही, अकरा तारखेनंतर कळवते म्हणून सांगितलं आहे. आणि पुढे लिहिलंस, 'आई, त्या दिवशी दारात मी आजीकडे पाहिलं. ती भिंतीला धरून उभी होती. बाबा गेले होते. मला अजून कोणाला पाडायचं नव्हतं.'

हे वाचून झालं. मग ही उठली, केरसुणी आणली आणि तेवीस दिवसांनंतर माझ्याशी पहिलं वाक्य बोलली: "पाय वर घ्या, झाडायचंय." मला इतका आनंद झाला, की मी दोन्ही पाय एकदम वर घेतले आणि खुर्चीसकट मागे जायची राहिले!

तुझ्या वेळेच्या घड्याळाचं सांगायचं राहिलं. ते तिने काढलं होतं ते साफ करायला. सगळं सोडवलं, चाकं धुतली, तेल दिलं. बाप गेल्यापासून ते दिवसाला चार मिनिटं मागे पडत होतं, आणि ही दर रविवारी किल्ली देऊन काटे पुढे ढकलायची. ढकलून वेळ जुळते, घड्याळ काही सुधारत नाही, हे तिला माहीत होतं. पण उघडायला हात होत नव्हता. आता उघडलं. कालपासून परत भिंतीवर आहे, डाग झाकला गेला.

आणि खोलीत सामान सरकवत होती ती खिडकीपाशी पलंग आणण्यासाठी. तुला उजेड लागतो म्हणे उशापाशी. मला काय माहीत, मी आपली आजी, मला कोण सांगतं?

आता मी गप्प बसते. पुढचं हिचं हिने लिहायचं. मी वाचून मागणार नाही.

भिंगरी,

किती वर्षांनी ही हाक लिहितेय.

'बघते' हा शब्द मी सव्वादोन वर्षं उगाळला. भाजी चिरताना, घड्याळं जोडताना, रोज. तो तुझा नव्हताच, हे कळल्यावर आता त्याचं काय करायचं ते मला समजत नाही. राग करायची सवय लागली होती. हात रिकामा झाल्यासारखं वाटतं.

दारात मी जे बोलले ते परत घेता येत नाही, आणि तू मला सांगायला हवं होतंस तसं मीही तुला विचारायला हवं होतं. एकदा विचारलं असतं, की खरंच असं म्हणालीस का. नाही विचारलं. मला उत्तराची भीती होती.

सासूबाईंना मी माफ केलं का, ते विचारू नकोस. त्यांना जेवायला वाढते, गुडघ्याला तेल लावते आणि त्यांची पत्रं लिहिते. सध्या एवढंच जमतं. कधीतरी भाजीत मीठ जास्त पडलं की समजेन, झालं.

सही करायची असेल तर कर. तुझ्या बाबांना ते काम आवडलं असतं. त्यांनी शेवटचं काय मागितलं ते आता मला कळलंय, तेव्हा मी आड येणार नाही. पण रागाने करू नकोस. आणि खोली भाड्याने दिलेली नाही, देणार नाही, पाच वर्षं असो की पन्नास.

अकरा तारखेला तुझ्या घड्याळात किती वाजता तो समोर येतो, ते फोन करून कळव, पत्राला उशीर होईल. मिनिटासकट कळव, घड्याळ आता बरोबर आहे. आम्ही दोघी त्याच्यासमोर बसू. इथून काही दिसणार नाही हे मला माहीत आहे. तुलाही दिसत नाही ना?

घरात कोणी आजारी नाही. सासूबाईंचा गुडघा आणि माझी एक दाढ, यापलीकडे काही नाही. हे मी स्वतः लिहितेय. पुढे कधी काही झालं, तर मीच कळवीन आणि जे असेल ते कळवीन. त्यामुळे निश्चिंत मनाने काम कर, अर्धवट टाकून येऊ नकोस. झालं की ये.

खोकला पूर्ण गेला का?

आई

(पेन बराच वेळ चाललं. या वेळी मी मोजलं नाही. – आजी)